हबीब बुर्गिबा

हबीब बुर्गिबा (३ ऑगस्ट १९०३ – ६ एप्रिल २०००) हे उत्तर आफ्रिकेतील ट्युनिसिया या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे प्रमुख नेते व ट्युनिसियन प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. १९५७ ते १९८७ अशी सलग तीस वर्षे ते या पदावर होते. मिळेल तो हक्क पदरात पाडून घ्यायचा आणि त्याच्या आधारे पुढच्या हक्काची मागणी करायची, ही टप्प्याटप्प्याची नीती त्यांच्या नावाने ‘बुर्गिबावाद’ म्हणून ओळखली जाते. या नीतीपासून ते एकदाच उघडपणे दूर गेले. जुलै १९६१ मध्ये बिझेर्त या बंदरातील फ्रेंच नाविक तळाला त्यांनी वेढा घातला आणि अवघ्या काही दिवसांत शेकडो ट्युनिसियन मृत्युमुखी पडले. अखेरचा फ्रेंच सैनिक १५ ऑक्टोबर १९६३ रोजी बिझेर्तमधून बाहेर पडला. तो दिवस ट्युनिसियात ‘निर्गमन दिन’ (अरबी: ईद अल-जला) म्हणून पाळला जातो व त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात ट्युनिसियावर ‘बे’ या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या हुसैनी घराण्याचे राज्य होते. नावापुरते ते उस्मानी साम्राज्याच्या अधीन होते. एप्रिल १८८१ मध्ये फ्रेंच फौजा अल्जीरियाच्या सीमेवरून ट्युनिसियात शिरल्या आणि मे महिन्याच्या आरंभी समुद्रमार्गे आलेली दुसरी फौज बिझेर्त येथे उतरली. १२ मे १८८१ रोजी बार्दोच्या तहावर बे यांची स्वाक्षरी घेण्यात आली व ट्युनिसिया फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. बे यांची गादी कायम राहिली, परंतु सत्ता फ्रान्सने नेमलेल्या रेसिडेंट जनरलच्या हाती गेली.

बिझेर्त हे ट्युनिस या राजधानीच्या उत्तरेस सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. सिसिली व आफ्रिका यांच्यामधील सामुद्रधुनीच्या तोंडाशी ते वसलेले असल्याने पश्चिम आणि पूर्व भूमध्य समुद्रांमधील वाहतुकीवर तेथून लक्ष ठेवता येते. शहरामागे मोठे सरोवर असून ते कालव्याने समुद्राशी जोडलेले आहे. फ्रान्सने हा कालवा रुंद व खोल करून मोठ्या युद्धनौका आत आणण्याची सोय केली, सरोवराच्या काठी शस्त्रागार व गोदी उभारली आणि तेथील नव्या वसाहतीला झ्यूल फेरी या फ्रेंच पंतप्रधानाच्या नावावरून ‘फेरीव्हिल’ असे नाव दिले. या वसाहतीचे आजचे नाव मंझिल बुर्गिबा असे आहे.

बालपण व शिक्षण

बुर्गिबा यांचा जन्म ट्युनिसियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मोनास्तीर या गावी झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील अली हे बे यांच्या सैन्यात नोकरीस होते. कुटुंबाची परिस्थिती बेताचीच होती. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी ट्युनिसला थोरल्या भावाकडे पाठवण्यात आले. तेथील सादिकी महाविद्यालयात अरबी व फ्रेंच या दोन्ही भाषांतून शिक्षण दिले जाई. १९१३ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. घरातील स्त्रियांचे कष्ट त्यांनी लहानपणी जवळून पाहिले होते. आईच्या वाट्याला आलेल्या आयुष्याचा उल्लेख ते पुढे आपल्या भाषणांतून वारंवार करीत.

किशोरवयात त्यांना क्षयाची बाधा झाली. शिक्षण थांबवून त्यांना केफ येथे दुसऱ्या भावाकडे राहावे लागले. बरे झाल्यावर ते ट्युनिसमधील कार्नो विद्यालयात दाखल झाले व १९२४ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. १९२७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. पॅरिसमध्येच मातिल्द लोरँ या फ्रेंच महिलेशी त्यांचा परिचय झाला. त्या पहिल्या महायुद्धात विधवा झालेल्या होत्या. १९२७ मध्ये दोघांना पुत्र झाला व त्याच वर्षी त्यांनी विवाह केला. नंतर हे कुटुंब ट्युनिसला परतले आणि बुर्गिबा यांनी वकिली सुरू केली.

फ्रान्समधील वास्तव्याने त्यांच्या मनावर दुहेरी ठसा उमटवला. फ्रेंच क्रांतीची मूल्ये, लोकशाही संस्था आणि खुले सार्वजनिक जीवन यांचे त्यांना आकर्षण वाटे. हीच मूल्ये ट्युनिसियातील फ्रेंच प्रशासन पायदळी तुडवत आहे, ही त्यांची तक्रार होती. त्यामुळे त्यांचा विरोध फ्रान्स या देशाला नसून वसाहतवादी राजवटीला राहिला आणि हा भेद त्यांनी आयुष्यभर जपला.

निओ दस्तूर पक्षाची स्थापना

१९२० मध्ये स्थापन झालेला दस्तूर पक्ष हा ट्युनिसियातील पहिला संघटित राष्ट्रवादी पक्ष होता. ‘दस्तूर’ म्हणजे राज्यघटना. पक्षाचे नेतृत्व ट्युनिसमधील प्रतिष्ठित घराण्यांकडे होते व त्याचे कार्य मुख्यतः अर्ज-विनंत्यांपुरते मर्यादित होते. बुर्गिबा यांनी आरंभी या पक्षाशी जवळीक असलेल्या वृत्तपत्रांतून लेखन केले. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लाक्सियाँ त्युनिझिएन’ हे स्वतःचे फ्रेंच वृत्तपत्र काढले. शेतकरी, गोदी कामगार आणि छोटे दुकानदार यांच्या हलाखीवर त्यात लेख येत.

जुन्या नेत्यांशी मतभेद वाढल्यावर बुर्गिबा व त्यांचे तरुण सहकारी पक्षातून बाहेर पडले. २ मार्च १९३४ रोजी मोनास्तीरजवळच्या क्सार हेलाल या गावी भरलेल्या अधिवेशनात निओ दस्तूर, म्हणजे नव दस्तूर, पक्षाची स्थापना झाली. डॉ. महमूद मातेरी अध्यक्ष झाले व बुर्गिबा सरचिटणीस. नव्या पक्षाने गावोगावी शाखा उघडल्या. किनारपट्टीच्या छोट्या गावांतून आलेले, आधुनिक शिक्षण घेतलेले तरुण हा या पक्षाचा कणा होता. सप्टेंबर १९३४ मध्ये रेसिडेंट जनरल मार्सेल पेरूतों यांनी बुर्गिबांना अटक करून दक्षिणेकडील वाळवंटात स्थानबद्ध केले. १९३६ मध्ये त्यांची सुटका झाली.

९ एप्रिल १९३८ रोजी ट्युनिसमध्ये लोकप्रतिनिधीगृहाच्या मागणीसाठी निघालेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला व किमान २२ जण ठार झाले. हा दिवस ट्युनिसियात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्या दिवशी बुर्गिबांना पुन्हा अटक झाली आणि पक्षावर बंदी आली.

दुसरे महायुद्ध

१९४० मध्ये बुर्गिबांना फ्रान्समधील मार्सेय येथील सें-निकोला किल्ल्यात हलवण्यात आले. त्या काळात अनेक वसाहतींतील राष्ट्रवाद्यांना जर्मनीचा विजय हा स्वातंत्र्याचा जवळचा मार्ग वाटत होता आणि निओ दस्तूरमधील काही कार्यकर्तेही त्याच मताचे होते. बुर्गिबांनी ऑगस्ट १९४२ मध्ये तुरुंगातून हबीब सामेर या सहकाऱ्याला पत्र पाठवले. युद्धात जर्मनीचा पराभव अटळ असून पक्षाने दोस्त राष्ट्रांची बाजू घ्यावी, असे त्यांनी त्यात बजावले. त्या वेळी युद्धाचा निकाल लागलेला नव्हता आणि ते स्वतः फ्रान्सचे कैदी होते, हे पाहता हा निर्णय त्यांच्या राजकीय दूरदृष्टीचे उदाहरण मानला जातो.

डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांची सुटका केली व त्यांना रोमला पाठवले. त्यांच्याकडून धुरी राष्ट्रांना जाहीर पाठिंबा मिळावा असा इटलीचा प्रयत्न होता, पण तो पाठिंबा त्यांनी दिला नाही. एप्रिल १९४३ मध्ये ते ट्युनिसला परतले. ७ मे १९४३ रोजी दोस्त सैन्याने ट्युनिस व बिझेर्त ही दोन्ही शहरे जर्मनांकडून जिंकून घेतली. बॉम्बवर्षावात बिझेर्तची मोठी नासधूस झाली होती.

स्वातंत्र्याकडे वाटचाल

युद्धानंतर फ्रान्सच्या धोरणात बदल झाला नाही. मार्च १९४५ मध्ये बुर्गिबा गुप्तपणे देशाबाहेर पडले व लिबियामार्गे कैरोला पोहोचले. चार वर्षे त्यांनी तेथून ट्युनिसियाचा प्रश्न अरब लीग व संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याचा प्रयत्न केला. अरब सरकारांचे लक्ष पॅलेस्टाइनकडे लागले असल्याने त्यांच्या पदरी बरीचशी निराशा आली. आपल्या देशाचा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागेल, हा त्यांचा निष्कर्ष या काळात पक्का झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये ते मायदेशी परतले. १९५१ मध्ये केलेल्या दीर्घ परदेश दौऱ्यात त्यांनी पाकिस्तान, भारत व इंडोनेशिया या नवस्वतंत्र देशांनाही भेट दिली.

एप्रिल १९५० मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये सात कलमी कार्यक्रम मांडला होता. ट्युनिसियन मंत्रिमंडळाकडे अधिकार सोपवणे व निवडून आलेली विधानसभा स्थापणे या त्यातील मुख्य मागण्या होत्या. फ्रान्सने १५ डिसेंबर १९५१ रोजी त्या फेटाळल्या. १८ जानेवारी १९५२ रोजी बुर्गिबांना अटक झाली व देशभर उठाव सुरू झाला. बुर्गिबा यांना प्रथम ताबार्का, नंतर रेमादा आणि अखेर ला गालीत या निर्जनप्राय बेटावर ठेवण्यात आले. कामगार नेते फरहात हाशेद यांची ५ डिसेंबर १९५२ रोजी हत्या झाली. ‘फेलागा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र टोळ्या डोंगराळ भागात फ्रेंच सैन्याशी लढू लागल्या.

३१ जुलै १९५४ रोजी फ्रान्सचे पंतप्रधान प्येर मांदेस-फ्रांस यांनी कार्थेज येथे येऊन ट्युनिसियाला अंतर्गत स्वायत्तता देण्याची घोषणा केली. वाटाघाटींनंतर १ जून १९५५ रोजी बुर्गिबा जहाजाने ला गुलेत बंदरात उतरले, तेव्हा प्रचंड जनसमुदायाने त्यांचे स्वागत केले. दोनच दिवसांनी स्वायत्ततेच्या करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या.

या करारांनी पक्षात उभी फूट पाडली. सरचिटणीस सालाह बेन युसूफ यांच्या मते अपुऱ्या स्वायत्ततेचा स्वीकार म्हणजे अल्जीरिया व मोरोक्कोतील लढ्यांचा विश्वासघात होता. बुर्गिबांच्या मते ती पूर्ण स्वातंत्र्याची पायरी होती. बेन युसूफ यांची पक्षातून हकालपट्टी झाली, नोव्हेंबर १९५५ मध्ये स्फाक्स येथील अधिवेशनाने बुर्गिबांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे दोन्ही गटांत रक्तरंजित संघर्ष झाला. बेन युसूफ यांनी देश सोडून कैरोत आश्रय घेतला. २० मार्च १९५६ रोजी फ्रान्सने ट्युनिसियाचे स्वातंत्र्य मान्य केले. एका वर्षाच्या आत पहिल्या पायरीवरून दुसरी गाठली गेल्याने बुर्गिबांच्या नीतीला मोठी प्रतिष्ठा मिळाली.

राष्ट्रउभारणी व सामाजिक सुधारणा

एप्रिल १९५६ मध्ये बुर्गिबा पंतप्रधान झाले. १३ ऑगस्ट १९५६ रोजी त्यांच्या सरकारने व्यक्तिगत कायद्याची संहिता जाहीर केली. तिने बहुपत्नीत्वावर बंदी घातली, विवाहासाठी वधूची संमती अनिवार्य केली, पतीने एकतर्फी तलाक देण्याची प्रथा रद्द करून घटस्फोट न्यायालयाच्या कक्षेत आणला आणि विवाहासाठी किमान वय ठरवून दिले. अरब जगतात इतका दूरगामी कौटुंबिक कायदा तोपर्यंत झालेला नव्हता. धार्मिक न्यायालये सामान्य न्यायव्यवस्थेत विलीन करण्यात आली. स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९५८ पासून शिक्षणव्यवस्थेची पुनर्रचना झाली व अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा शाळांवर खर्च होऊ लागला.

२५ जुलै १९५७ रोजी घटना समितीने राजेशाही संपुष्टात आणून प्रजासत्ताक घोषित केले आणि बुर्गिबा राष्ट्राध्यक्ष झाले. १ जून १९५९ रोजी नवी राज्यघटना लागू झाली. तिने राष्ट्राध्यक्षाच्या हाती व्यापक अधिकार दिले आणि व्यवहारात निओ दस्तूर हाच सत्ताधारी व एकमेव प्रभावी पक्ष राहिला.

बिझेर्तचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतरही फ्रेंच सैन्य ट्युनिसियाच्या भूमीवर होते. शेजारच्या अल्जीरियात १९५४ पासून स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. अल्जीरियन बंडखोरांना ट्युनिसियात आश्रय मिळे, तर फ्रान्सच्या फौजा त्यांचा सीमेपलीकडे पाठलाग करू पाहत. ८ फेब्रुवारी १९५८ रोजी फ्रेंच विमानांनी सीमेवरील साकियत सिदी युसूफ या गावावर बॉम्बहल्ला केला. तो बाजाराचा दिवस होता. मुलांसह सत्तरहून अधिक माणसे त्यात मरण पावली. ट्युनिसियाने फ्रेंच फौजांची त्यांच्या छावण्यांत कोंडी केली व प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. फ्रान्समध्ये शार्ल द गॉल सत्तेवर आल्यानंतर १७ जून १९५८ रोजी समझोता झाला आणि बिझेर्त वगळता उर्वरित ट्युनिसियातून फ्रेंच सैन्य माघारी गेले.

येथवर बुर्गिबांनी आपली जुनी नीतीच चालवली होती. बिझेर्तचा प्रश्न त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. २७ फेब्रुवारी १९६१ रोजी रांबुये येथे त्यांची व द गॉल यांची भेट झाली. फ्रान्सला बिझेर्त कधी ना कधी सोडावे लागेल हे द गॉल यांना मान्य होते, परंतु शीतयुद्ध आणि अल्जीरियाचे युद्ध यांमुळे त्यासाठी तारीख देण्यास ते तयार नव्हते. अल्पावधीतच तळावरील सिदी अहमद विमानतळाच्या धावपट्टीची लांबी वाढवण्याचे काम फ्रेंचांनी सुरू केले. जाण्याच्या तयारीत असलेले सैन्य धावपट्टी कशाला वाढवील, असा ट्युनिसियात त्याचा अर्थ लावला गेला.

याशिवाय बुर्गिबांवर इतरही दडपणे होती. कैरोमधून गमाल अब्देल नासर व बेन युसूफ त्यांना पाश्चात्त्यांचा हस्तक ठरवत होते. मार्च १९६१ मध्ये झुरिकमध्ये बुर्गिबा व बेन युसूफ यांची भेट झाली, पण ती निष्फळ ठरली. अल्जीरियाचे स्वातंत्र्य दृष्टिपथात आले होते आणि सहारातील सीमा निश्चित होण्यापूर्वी तेथील आपला दावा पुढे करणे बुर्गिबांना आवश्यक वाटत होते. अशा परिस्थितीत, ज्यांनी नेहमी वाट पाहण्याचा सल्ला दिला, त्यांनीच घाई केली.

जुलै १९६१ ची लढाई

जुलैच्या आरंभी बुर्गिबांनी द गॉल यांना पत्र पाठवून बिझेर्त सोडण्याची मागणी केली. निओ दस्तूरचे हजारो स्वयंसेवक, त्यांत युवक व स्त्रियाही, बिझेर्तमध्ये जमू लागले. तळाभोवती खंदक खणले गेले व रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. १९ जुलै रोजी वेढा सुरू झाला आणि ट्युनिसियाने आपल्या हवाई हद्दीतून फ्रेंच लष्करी विमानांच्या उड्डाणाला मनाई केली. दक्षिणेत सहाराच्या सीमेवर, सीमास्तंभ क्रमांक २३३ च्या दिशेनेही एक तुकडी पाठवण्यात आली.

ट्युनिसियाचे राष्ट्रीय सैन्य स्थापन होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. त्याच्याकडे विमानदल व आरमार नावापुरतेच होते. समोर अल्जीरियातील युद्धात तयार झालेल्या फ्रेंच तुकड्या होत्या. १९ जुलै रोजीच अल्जीरियातून आलेले छत्रीधारी सैनिक तळावर उतरले. ट्युनिसियन सैनिकांनी विमानांवर गोळीबार केल्यावर फ्रेंचांनी विमाने, रणगाडे व तोफा यांसह प्रतिहल्ला चढवला. युद्धनौकांनी कालव्याचा मार्ग बळाने मोकळा केला. २० ते २२ जुलै या तीन दिवसांत लढाई बिझेर्तच्या रस्त्यांवर आली. अरुंद गल्ल्यांचा जुना भाग वगळता जवळजवळ सर्व शहर फ्रेंचांच्या ताब्यात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धविरामाचे आवाहन केल्यानंतर २३ जुलै रोजी गोळीबार थांबला.

ट्युनिसियाच्या अधिकृत आकड्यांनुसार या लढाईत ६३० जण ठार व दीड हजारांहून अधिक जखमी झाले. प्रत्यक्ष मृतांची संख्या याहून बरीच अधिक असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. फ्रान्सचे सुमारे पंचवीस सैनिक मारले गेले. मृतांमध्ये लष्करी प्रशिक्षण न घेतलेले अनेक स्वयंसेवक होते. पुरेशी शस्त्रे, रसद किंवा माघारीची योजना हाताशी नसताना नागरिकांना लष्करी तळासमोर का उभे केले गेले, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो. द गॉल प्रतिकारासाठी बळाचा एवढा वापर करणार नाहीत, हा बुर्गिबांचा अंदाज पूर्णपणे चुकला होता.

राजनैतिक विजय व सैन्यनिर्गमन

रणांगणावर पराभव झाला, तरी जागतिक व्यासपीठावर पारडे ट्युनिसियाकडे झुकले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड स्वतः बिझेर्तला आले, तेव्हा फ्रेंच सैनिकांनी त्यांची मोटार अडवून तपासली. या घटनेने फ्रान्सच्या प्रतिमेला तडा गेला. ऑगस्ट १९६१ मध्ये आमसभेचे विशेष अधिवेशन भरले व २५ ऑगस्ट रोजी ट्युनिसियाच्या भूमीवरील परकीय सैन्य मागे घेण्यासाठी वाटाघाटी कराव्यात असा ठराव संमत झाला. ठरावाच्या विरोधात एकही मत पडले नाही. अनेक पाश्चात्त्य देश तटस्थ राहिले आणि फ्रान्सने अधिवेशनावर बहिष्कार टाकला. आशिया व आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांची संयुक्त राष्ट्रांत वाढलेली संख्या ट्युनिसियाच्या उपयोगी पडली.

त्यानंतर बुर्गिबा पुन्हा आपल्या परिचित मार्गाकडे वळले. काही महिन्यांत फ्रेंच तुकड्या शहरातून तळावर परतल्या आणि पुढील चर्चा शांतपणे होत राहिली. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर बिझेर्तचे लष्करी महत्त्व बरेच कमी झाले. १५ ऑक्टोबर १९६३ रोजी अखेरच्या फ्रेंच तुकडीने बिझेर्त सोडले. १८८१ मध्ये ज्या बंदरात फ्रेंच फौज समुद्रमार्गे उतरली होती, त्याच बंदरातून ब्याऐंशी वर्षांनी ती परत गेली. १३ डिसेंबर १९६३ रोजी बिझेर्तमध्ये झालेल्या भव्य समारंभाला इजिप्तचे नासर व अल्जीरियाचे अहमद बेन बेला उपस्थित होते. ज्या नासर यांच्याशी बुर्गिबांचे वर्षानुवर्षे वितुष्ट होते, ते त्यांच्या शेजारी उभे राहिले, हे या दिवसाचे राजकीय फलित होते.

देशांतर्गत परिणाम

लढाई थांबून तीन आठवडे होतात न होतात तोच, १२ ऑगस्ट १९६१ रोजी, सालाह बेन युसूफ यांची पश्चिम जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे हत्या झाली. या हत्येमागे ट्युनिसियन राजवटीशी संबंधित व्यक्ती होत्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बिझेर्तमधील हानीमुळे सैन्यातील काही अधिकाऱ्यांमध्ये तीव्र असंतोष होता. डिसेंबर १९६२ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी जुन्या फेलागा सैनिकांबरोबर व बेन युसूफ समर्थकांबरोबर आखलेला उठावाचा कट उघडकीस आला. १९६३ च्या आरंभी लष्करी न्यायालयाने अनेकांना मृत्युदंड सुनावला. त्याच सुमारास साम्यवादी पक्षावर बंदी आली व विरोधी मताला उरलेली थोडी जागाही संपली. परकीय सैन्यापासून मुक्तीचे वर्ष आणि एकपक्षीय राजवट पूर्ण होण्याचे वर्ष अशा रीतीने एकच ठरले.

उत्तरकाळ

१२ मे १९६४ रोजी, बार्दोच्या तहाच्या वर्षदिनी, परदेशी मालकांच्या शेतजमिनींचे राष्ट्रीयीकरण करण्यात आले. मंत्री अहमद बेन सालाह यांच्या देखरेखीखाली शेती व व्यापाराचे सहकारीकरण हाती घेतले गेले, परंतु शेतकऱ्यांच्या विरोधामुळे १९६९ मध्ये ते सोडून द्यावे लागले.

मार्च १९६५ मध्ये जेरिको येथे पॅलेस्टिनी निर्वासितांसमोर बोलताना बुर्गिबांनी १९४७ चा संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा आराखडा वाटाघाटींचा आधार म्हणून स्वीकारण्याचा सल्ला दिला. ही त्यांच्या टप्प्याटप्प्याच्या नीतीचीच मांडणी होती. अरब जगतात त्यावर कडाडून टीका झाली व नासर यांच्याशी जुळलेले संबंध पुन्हा तुटले.

मातिल्द यांच्याशी घटस्फोट घेतल्यानंतर १९६२ मध्ये बुर्गिबांनी वसीला बेन अम्मार यांच्याशी विवाह केला होता. राजकारणावर वसीला यांचा मोठा प्रभाव होता. १९७५ मध्ये बुर्गिबांना तहहयात राष्ट्राध्यक्ष करण्यात आले. प्रकृती ढासळत गेली, तरी त्यांनी सत्ता सोडली नाही. २६ जानेवारी १९७८ रोजी कामगार संघटनेच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी झालेल्या गोळीबारात अनेक लोक मारले गेले. १९८३ च्या अखेरीस पाव व धान्याचे दर एकाएकी वाढवल्याने दंगली उसळल्या आणि ६ जानेवारी १९८४ रोजी बुर्गिबांना दरवाढ मागे घ्यावी लागली. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी पंतप्रधान झिन एल अबिदीन बेन अली यांनी वैद्यकीय अहवालाच्या आधारे त्यांना कारभार करण्यास अक्षम ठरवून पदच्युत केले.

आयुष्याची अखेरची वर्षे बुर्गिबांनी मोनास्तीर येथे पहाऱ्यात काढली. ६ एप्रिल २००० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी हयातीतच बांधून घेतलेल्या मोनास्तीर येथील समाधीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा व मूल्यमापन

ट्युनिस शहराच्या मुख्य हमरस्त्याला बुर्गिबा यांचे नाव आहे. बेन अली यांच्या काळात तेथून हलवलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा २०१६ मध्ये परत त्याच रस्त्यावर उभारण्यात आला. स्त्रियांचे कायदेशीर हक्क व सार्वत्रिक शिक्षण ही त्यांची कामगिरी सर्वमान्य आहे. दुसऱ्या बाजूस, २०११ च्या क्रांतीनंतर स्थापन झालेल्या सत्य व सन्मान आयोगाने बेन युसूफ समर्थकांच्या छळाची प्रकरणेही सुनावणीसाठी घेतली आणि बुर्गिबांच्या राजवटीची दडपली गेलेली बाजू प्रथमच अधिकृतपणे पुढे आली.

बिझेर्तविषयी इतिहासकारांत एकमत नाही. लढाई झाली नसती तरी अल्जीरियाच्या स्वातंत्र्यानंतर फ्रान्सला तळ सोडावाच लागला असता, असे एका गटाचे म्हणणे आहे. त्या रक्तपातामुळेच हा प्रश्न जगासमोर आला व फ्रान्सला मुक्कामाची मुदत वाढवणे अशक्य झाले, असे दुसरा गट मानतो. निर्गमन दिनाच्या दिवशी या दोन्ही मतांना बिझेर्तमध्ये स्थान असते. दरवर्षी १५ ऑक्टोबर रोजी राष्ट्रप्रमुख किंवा त्यांचे प्रतिनिधी तेथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत जाऊन पुष्पचक्र अर्पण करतात. उत्सव १९६३ च्या निर्गमनाचा असतो, परंतु पुष्पचक्र १९६१ च्या जुलैतील मृतांच्या थडग्यांवर वाहिले जाते.